बाजा, पीथमपूर आणि अण्णांची वही



इंदूरच्या गिरण्यांवर, त्यांच्या भोंग्यांवर आपल्यातल्या पुष्कळांनी लिहिलंय. भोंगे बंद पडल्यावर त्या गिरण्यांतल्या माणसांच्या हातातल्या कसबाचं काय झालं, याबद्दल मात्र फारसं कुणी सांगत नाही. मी जी गोष्ट सांगणार आहे ती दिसायला एका गाडीची आहे, पण खरं म्हणजे त्या कसबाची आहे. थोडी लांबेल, चहा घेऊन बसा.

दहा-बारा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास माझा भाचा घरी आला आणि म्हणाला, "मामा, यंदा आमची बाजाची टीम आहे." आमच्या आईला वाटलं, हा कॉलेज सोडून बँडमध्ये शिरला. ती म्हणाली, "कुणाच्या लग्नात वाजवणार?" पोरगा हसून हसून बेजार. मग त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, चार जाडजूड चाकं, मागे छोटंसं इंजिन. आई म्हणाली, "ही कसली बग्गी? हिला तर अंगच नाही."

बग्गी म्हटलं की आपल्या जुन्या माणसांना दसऱ्याच्या मिरवणुकीतली घोड्यांची बग्गी आठवते. या बग्गीचं कूळ वेगळं आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मेक्सिकोच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेली एक लांबच लांब जमिनीची पट्टी आहे, बाहा कॅलिफोर्निया. स्पॅनिशमध्ये उच्चार 'बाहा', अर्थ 'खालचा'. लिहिताना अक्षरं अशी पडतात की आपण त्याचा सरळ बाजा करून टाकला. तिथे तेव्हा वाळू, दगड, निवडुंग आणि नावापुरते रस्ते होते. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स नावाच्या माणसाने एक हलकी गाडी बनवली. त्याला फायबरग्लासच्या नावा बनवायचं काम येत होतं. तसंच कवच त्याने फोक्सवॅगनच्या बीटलची यंत्रं घेऊन त्यांवर बसवलं. १९६७ च्या एप्रिलमध्ये तो आणि त्याचा एक सोबती ती गाडी घेऊन ला पाझहून निघाले आणि ३४ तास ४५ मिनिटांत तिहुआनाला पोचले. त्याआधीचा विक्रम मोटरसायकलवाल्यांचा होता, तो मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या वाटेवर पहिली रीतसर शर्यत झाली आणि बाहा हे नाव खडतर वाटेच्या गाड्यांना कायमचं चिकटलं.

१९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात वाहन अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, विद्यार्थ्यांसाठी 'मिनी बाहा' सुरू केली. मुलांनी स्वतः गाडी आखायची, स्वतः जोडायची आणि मग सगळ्यांसमोर तिची परीक्षा द्यायची. पहिल्या वर्षी जेमतेम दहा संघ होते. हीच स्पर्धा २००७ मध्ये भारतात आली, आणि आली ती थेट आपल्या दारात, पीथमपूरला.

पीथमपूर हा आपल्या लोकांच्या इतिहासातला एक न लिहिलेला धडा आहे. जिल्हा धार, म्हणजे जुना पवारांचा मुलूख. होळकरांच्या इंदुरापासून जवळच. १९८० च्या दशकात तिथे कारखाने उभे राहू लागले. पुण्याच्या बजाज टेम्पोने आणि कायनेटिकने तिथे कारखाने काढले, ट्रक बनवणारे आले, आणि त्यांच्यामागोमाग पुण्या-नगरकडची कितीतरी मराठी कुटुंबं राऊ, महू आणि इंदुरात राहायला आली. आम्ही जुने इंदुरी त्यांना 'पुण्याचे' म्हणायचो आणि ते आमच्या मराठीला हसायचे. आमच्या बोलण्यात 'हओ' आणि 'भिया' यायचं ना! आता त्यांची नातवंडंही भियाच म्हणतात.

गाड्यांचं वेड इंदूरला नवीन नव्हतंच. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूझेनबर्ग घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून खास अंग चढवून घेतलं होतं. ती झाली राजांची गोष्ट. आपल्यासारख्यांच्या वाट्याला गाडी आली ती पान्याच्या बाजूने.

पीथमपुरात पुढे सरकारने वाहनचाचणीसाठी सुमारे ३००० एकर जागा घेतली. आज तिथे नॅट्रॅक्स आहे, आणि २०२१ च्या जूनमध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान गाड्यांचा मार्गही आहे. पण बाजा तिथे सुरू झाली तेव्हा मुलांच्या वाट्याला आला तो खड्ड्यांचा, चढ-उतारांचा माळ. माळव्याची काळी माती, मुरूम आणि मधूनच डोकं काढणारा काळा दगड. खडतर वाटेसाठी आणखी काय हवं?

आता अण्णांकडे येतो.

महू नाक्याच्या बाजूला माझं लहानसं गॅरेज होतं. जीप, टेम्पो, मेटॅडोर, जे येईल ते. तिथे अण्णा काम करायचे. मूळचे ते एका कापड गिरणीत फिटर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली तेव्हा चाळिशी ओलांडलेली, घरात दोन मुली, हातात पगार नाही आणि हक्काची रक्कम अडकलेली. ती रक्कम मिळेल मिळेल करता करता त्यांच्याबरोबरचे कितीतरी लोक गेले. काहींनी भाजीचा ठेला लावला, काही चौकीदार झाले. अण्णा माझ्या वडिलांकडे आले आणि म्हणाले, "माग दुरुस्त करता येतो, गाडीही येईल. दोन्हीत फिरणारं काहीतरी अडतं, एवढंच."

त्यांची एक सवय होती, गिरणीतली. खिशात एक लांबट वही. प्रत्येक बिघाडाला चार ओळी: काय दिसलं, काय वाटलं, काय केलं, काय झालं. 'काय दिसलं' आणि 'काय वाटलं' हे दोन वेगळे रकाने. आम्ही चेष्टा करायचो. अण्णा म्हणायचे, "या दोन रकान्यांची गल्लत झाली की माणूस चुकीचा नट खोलतो."

भाच्याच्या कॉलेजच्या कार्यशाळेत संध्याकाळनंतर काम करायची सोय नव्हती, म्हणून ती पंचवीस पोरं माझ्या गॅरेजात आली. मराठी चार-पाच, बाकी मालव्याची, बिहारची, दोन तेलुगू. अण्णा तेव्हा पासष्टीला टेकलेले. डोळ्यांना कमी दिसायचं, माझ्याकडेही रोज येत नसत. पोरांना ते कोपऱ्यात बसून सुपारी कातरणारे म्हातारेबुवा वाटले.

स्पर्धेचे नियम ऐकून अण्णांना मात्र मजा वाटली. सगळ्या संघांना इंजिन एकच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, ३०५ सीसीचं, १० अश्वशक्तीचं. त्याच्या आत हात घालायचा नाही. म्हणजे ताकद सगळ्यांना सारखी, फरक पडणार तो बाकीच्या गाडीने. चालकाभोवती नळ्यांचा पिंजरा, गाडी उलटली तरी डोकं वाचेल असा. चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. इंजिन बंद करायची दोन बटणं, एक चालकाजवळ, एक बाहेरून हाताला येईल असं. ब्रेक दाबला की चारही चाकं जागच्या जागी जाम झाली पाहिजेत, नाहीतर पुढच्या शर्यतीत उतरूच देत नाहीत. आणि शेवटी सलग चार तासांची शर्यत.

"चार तास?" अण्णा म्हणाले. "मग सजावट नको, सहनशक्ती हवी."

डिसेंबरात गाडी उभी राहिली. पोरांना लगेच उडवायची होती. अण्णांनी पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करू दिलं नाही. प्रत्येक नट नेमून दिलेल्या जोराने आवळायला लावला आणि त्यावर पिवळ्या ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. "रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. हात लावून बघायला नको." दुसऱ्या दिवशी गाडी घोड्यांवर चढवून चाकं अधांतरी ठेवली आणि इंजिन सुरू केलं. अॅक्सिलरेटर सोडला की परत येतो का, दोन्ही बटणं काम करतात का, सुकाणू फिरवताना ब्रेकचा पाइप कुठे घासतो का, सगळं बघितलं. तिसऱ्या दिवशी राऊच्या बाजूच्या एका पडीक जमिनीवर दहा मिनिटं हळू चालवली, थांबवली आणि प्रत्येक चाकाच्या मध्याला हात लावला. तीन कोमट, एक गरम. मागच्या उजव्या चाकात ब्रेकचा पॅड घासत होता. पोरांनी पहिल्यांदा अण्णांकडे नीट पाहिलं.

मग खरा त्रास सुरू झाला.

पहिला बिघाड पट्ट्याचा. या गाड्यांत बहुधा गिअर बदलायला दांडा नसतो. दोन पुल्या आणि मध्ये रबरी पट्टा, वेगाप्रमाणे पुल्या आपोआप उघडतात-मिटतात. चढावर इंजिन ओरडायचं, गाडी मात्र जागची हलायची नाही, आणि जळक्या रबराचा वास. पोरं म्हणाली, पट्टा हलक्या दर्जाचा आहे, महागडा मागवू. अण्णांनी सरळ पट्टी घेतली आणि दोन्ही पुल्यांच्या तोंडावर धरली. दोन्ही एका रेषेत नव्हत्या. इंजिनाचे बोल्ट लांबट भोकांत होते, धक्क्यांनी इंजिन थोडं तिरकं सरकलं होतं. आणि पिवळ्या रेघा? चारपैकी दोन तुटलेल्या. कुणी पाहिल्याच नव्हत्या. इंजिन सरळ केलं, ते सरकू नये म्हणून मागे एक लोखंडी टेकू वेल्ड केला, पुल्या पुसून कोरड्या केल्या, तोच पट्टा चढवला. गाडी चढ चढली.

दुसरा बिघाड ब्रेकचा, आणि त्यानेच आमची झोप उडवली. मोकळ्या मातीवर वेगात आणून ब्रेक दाबला की मागची चाकं जाम व्हायची, शेपूट फिरायचं, पुढची चाकं मात्र फिरतच राहायची. पेडल स्पंजासारखं मऊ. "अण्णा, लाइन में हवा है," पोरं म्हणाली, आणि ते बरोबर होतं. पुढच्या ब्रेकची हवा काढली. पुन्हा मऊ. पुन्हा काढली. असं सात-आठ वेळा. मग पोरांनी सियागंजातून नवा मास्टर सिलिंडर आणला, पॅड बदलले, तेलही बदललं, सगळं एकाच रात्री. सकाळी पेडल तितकंच मऊ. पैसे संपत आले. स्पर्धेला सोळा दिवस. दोन पोरांत शिवीगाळ झाली. एकजण म्हणाला, सोडून देऊ, पुढच्या वर्षी बघू. भाचा शेवटच्या वर्षाला होता, त्याला पुढचं वर्ष नव्हतंच.

अण्णा त्या आठवड्यात तापाने घरी होते. कानटोपी घालून ते रिक्षाने आले. आधी गाडीला हात न लावता शेतात जाऊन जमिनीवरचे व्रण पाहिले. पुढच्या चाकांमधलं अंतर मागच्यापेक्षा थोडं जास्त, म्हणून चारही रेघा वेगळ्या दिसत होत्या. मागच्या दोन घासलेल्या, सपाट. पुढच्या दोन्हीत टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली. "दोन्ही पुढची, सारखीच. म्हणजे एका चाकाचा दोष नाही, दोन्हींना मिळून काहीतरी झालंय," असं म्हणत ते पुढच्या चाकाशी बसले. भिंगाचा चष्मा लावला. आणि मग विचारलं, "हवा वर जाते की खाली?"

पोरं गप्प. "वर," भाचा म्हणाला.

"मग हवा काढायचं निपल खाली का?"

झालं होतं असं की जोडताना पुढच्या दोन चाकांचे कॅलिपर डावे-उजवे बदलले गेले होते. बसतात दोन्हीकडे, बोल्ट जुळतात, काही खटकत नाही. पण निपल वरच्या टोकाला यायच्या ऐवजी खालच्या टोकाला आलं. शंभर वेळा हवा काढली तरी खालून तेलच येणार, वरचा बुडबुडा तिथेच बसून राहणार. आणि नव्या मास्टर सिलिंडरचे पैसे पाण्यात. पंचवीस इंजिनिअर पोरं आणि मी, तीस वर्षांचा गॅरेजवाला, सगळे त्या निपलला आठ वेळा पाना लावून आलो होतो. मला अजून लाज वाटते.

कॅलिपर अदलाबदल केले, हवा काढली, पेडल दगडासारखं झालं. मातीवर चार सपाट रेघा उमटल्या. अण्णांनी त्या पोरांना रागावलं नाही. वही काढून एकाच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तुम्ही लिहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि दुरुस्त झालं, तर कशामुळे ते कळत नाही. नाही झालं, तर तिन्हींवर संशय राहतो."

तिसरा बिघाड पुढच्या सुकाणूच्या दांडीचा. उंचवट्यावरून गाडी उडाली, खाली आली की दांडीच्या टोकाचा गोल सांधा तुटायचा. दोनदा तुटला, तोच, त्याच जागी. पोरांना जाड सांधा घालायचा होता. आता मात्र त्यांनीच वही उघडली. 'काय दिसलं': आट्यांच्या मुळाशी मोडला, एका बाजूला वाकून. 'काय वाटलं': कच्चा माल. भाचा म्हणाला, "वाकून मोडलाय म्हणजे कुणीतरी वाकवतंय." त्यांनी स्प्रिंग काढून टाकली आणि चाक हाताने अगदी वरपासून खालपर्यंत नेऊन पाहिलं. चाक हवेत पूर्ण खाली लोंबलं की सांध्याचा गोळा फिरायची जागा आधीच संपत होती, आणि मग अख्खी दांडी त्याला तरफेसारखी वाकवत होती. उपाय दोन केले. सांध्याच्या दोन्ही बाजूंना निमुळत्या चकत्या घातल्या, म्हणजे त्याला कलायला जागा मिळाली, आणि चाक ठरावीक मापापेक्षा खाली लोंबू नये म्हणून जाड पट्ट्याची लगाम बांधली. सांधा तोच ठेवला, जाड केला नाही. जाड केला असता तर पुढचा धक्का सुकाणूच्या पेटीने खाल्ला असता. हे पोरांनी अण्णांना समजावलं, अण्णांनी त्यांना नव्हे. अण्णा कोपऱ्यात सुपारी कातरत होते. हसले फक्त.

मध्येच मावठं आलं आणि काळी माती चाकांना अशी चिकटली की चाकं दुप्पट झाली. दोन दिवस गेले. कडाक्याच्या थंडीत पोरं पहाटे पोहे-जलेबी बांधून घेऊन शेतात जायची. शेतमालकाने एक दिवसही भाडं मागितलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे पीथमपूरला गेलो. देशभरातली कॉलेजं, तंबू, जनरेटर, ग्रीसने माखलेले चेहरे. आमच्या पोरांनी तपासणी पार केली. ब्रेकच्या परीक्षेत पहिल्यांदा एक चाक फिरलं, पॅडवर चिखल होता. पुसून पुन्हा आले, चारही जाम. अण्णांनी डोक्यावरची कानटोपी काढून पुन्हा घातली. एवढाच त्यांचा जल्लोष.

शेवटच्या दिवशी चार तासांची शर्यत. पहिले दोन तास गाडी पळत होती. तिसरा तास संपला आणि थोड्या वेळात चढावर तोच जुना आवाज, इंजिन ओरडतंय, गाडी हलत नाही, रबराचा वास. पुल्यांच्या झाकणात धूळ भरून हवा कोंडली होती आणि पट्टा तापून घसरत होता. दोरीने ओढून बाहेर काढली. पुन्हा सुरू करेपर्यंत वेळ संपला.

परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणी बोलत नव्हतं. अण्णांनी वही मागितली, पानं उलटली आणि विचारलं, "आपण एका दमात जास्तीत जास्त किती वेळ चालवली होती?" भाच्याने पाहिलं. चाळीस मिनिटं. सगळा डिसेंबर आणि जानेवारी मिळून, सलग, चाळीस मिनिटं. परीक्षा चार तासांची आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अण्णा म्हणाले, "ही माझी चूक. मीच सहनशक्ती म्हणालो होतो आणि मीच तपासली नाही." आणि त्यांनी आपल्या हाताने तेवढं लिहिलं.

पुढच्या वर्षीच्या पोरांनी झाकणाला हवेची वाट केली, त्यावर जाळी लावली आणि शेतात सलग पाच तास गाडी चालवली, चालक बदलून बदलून. त्यांनी चार तासांची शर्यत पूर्ण केली. नंबर आला नाही, पण गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर आली.

स्पर्धा आता बदलली आहे. २०१५ पासून विजेवर चालणाऱ्या बाजा गाड्याही येऊ लागल्या. तिथे पट्ट्याऐवजी बॅटरीचा ताप बघायचा. पण वहीचे चार रकाने तिथेही लागतात, असं भाचा सांगतो. तो आता पुण्यात गाड्यांच्या चाचणीचंच काम करतो. म्हणजे पुण्याहून माणसं पीथमपूरला आली होती, आमचं पोरगं उलट्या वाटेने गेलं.

अण्णा जाऊन काही वर्षं झाली. गिरणीच्या रकमेची वाट बघणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव शेवटपर्यंत होतं. ती वही त्यांच्या धाकट्या मुलीकडे आहे. तिने मला दाखवली. सुरुवातीची पानं गिरणीतली: कुठल्या मागाचा कुठला दात झिजला, धागा का तुटत होता. मग टेम्पो, जीप. आणि शेवटची अकरा पानं बाजाची, त्यात मराठी, हिंदी आणि एका पानावर चक्क तेलुगू अक्षरं. गिरणी बंद झाली म्हणून ते कसब वाया गेलं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या अकरा पानांकडे बघून तसं वाटेनासं झालं.

तुमच्या घरी अशी एखादी वही असेल, गिरणीची, रेल्वेची, छापखान्याची, तर रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघा. आणि त्यातलं एखादं पान इथे लिहा.